म्हातारपणाचा बहिरेपणा: वयाचा किती, आवाजाचा किती?

मी तोफखान्यातला निवृत्त अधिकारी, मानेसरहून बोलतोय. आज थोडा कानांचा इतिहास सांगतो. सुरुवात माझ्याच कानांपासून.

दोन वर्षांपूर्वी नातीने फोनवर सांगितलं, "आजोबा, सातला या." मी आठला पोहोचलो. तिचा नाच संपला होता. ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मी विसरलो नाही.

मग कान तपासले. आलेख बघून तपासणाऱ्या मुलीने विचारलं, "काका, नोकरी कुठे केलीत?" वयाने जाणारं ऐकणं उंच स्वरांकडे हळूहळू उतरत जातं. माझ्या आलेखात 4000 हर्ट्झच्या आसपास खड्डा होता. ही मोठ्या आवाजाची खूण. आमच्या वेळी तोफ डागताना कानात बोटं घालायची, फार तर कापूस. कानाला दडे बसले तर हसण्यावारी न्यायचं.

आता मागे जाऊ. स्वातंत्र्याच्या वेळी आपलं सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं. म्हातारपणापर्यंत पोहोचणारेच थोडे. लहानपणी कान फुटून बहिरेपण येणारे मात्र पुष्कळ. पुढे स्ट्रेप्टोमायसिनने क्षयाचे रोगी वाचू लागले, पण काहींचे कान त्याच औषधाने गेले.

मुंबईच्या गिरणगावात मागाला साचा म्हणत. शेकडो साचे एकदम चालले की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. खुणांनी आणि ओठ बघून काम चाले. 1982च्या संपानंतर त्यातल्या बहुतेक गिरण्या थंडावल्या. खडखडाट भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर चालूच राहिला. घरी परतलेला साचेवाला मोठ्याने बोलायचा, तेव्हा लोक म्हणायचे, "वय झालं."

खरंच सगळं वयामुळे होतं का? 1962 साली डॉ. सॅम्युएल रोझेन यांनी सुदानमधल्या माबान लोकांचे कान तपासून निष्कर्ष मांडले. त्यांच्या वस्त्या शांत होत्या आणि म्हाताऱ्यांचं ऐकणं आश्चर्य वाटावं इतकं चांगलं होतं. आहार आणि राहणीही वेगळी होती, म्हणून सगळं श्रेय शांततेला देता येणार नाही.

दुसरा पुरावा स्वीडनचा. गॉथेनबर्ग शहरात 1971 ते 2014 या काळात वेगवेगळ्या पिढ्यांतल्या सत्तरीच्या लोकांचे कान तपासले. ऐकू कमी येणाऱ्या पुरुषांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. बायकांमध्ये फारसा फरक नव्हता. कारखान्यातला गोंगाट मुख्यतः पुरुषांनीच सोसला होता आणि तोच कमी झाला, हे त्याचं पटण्याजोगं कारण.

मग जगात ऐकू न येणाऱ्यांची संख्या का वाढतेय? कारण म्हातारेच वाढले. 2011च्या जनगणनेत आपल्याकडे साठीपुढचे 10 कोटींहून जास्त होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या अहवालानुसार 2050पर्यंत जगात सुमारे 70 कोटी लोकांना कानांसाठी उपचार किंवा मदत लागेल. आपल्याकडे वांद्र्याची राष्ट्रीय श्रवण संस्था 1983ची, आणि बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2006-07चा. म्हणजे जाग आली, पण उशिरा.

इथे मानेसरला संध्याकाळी पाळी सुटते. प्रेसवर काम करणारी पोरं रस्त्याने जातात आणि बऱ्याच जणांच्या कानात लगेच इयरफोन असतो. आपल्याकडे आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे. अमेरिकेतली कामगार आरोग्याची संस्था 85च सुचवते. आज पंचविशीत असलेला पोरगा 2060 साली साठीचा होईल. त्याच्या आलेखात काय उमटणार, ते आजच ठरतंय.

कानाच्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. म्हणून तरुणांनो, कारखान्यात कानांचं संरक्षण मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. आणि माझ्या वयाच्या मंडळींनो, "वय झालं" म्हणून गप्प बसू नका, तपासून घ्या. मी यंत्र लावलं. यंदा नातीचा नाच सातला होता; मी पावणेसातलाच पहिल्या रांगेत बसलो.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.