सुपाशेजारी वाढणारी मुलं

इतिहास म्हटलं की आम्हा सोलापूरकरांना १९३०चा मार्शल लॉ आणि चार हुतात्मे आठवतात. अभिमान आहेच. पण लहान मुलांची उंची हाही शहराचा इतिहासच असतो, असं मला वाटतं.

‘आई-बाप बुटके, म्हणून मूल बुटकं’ असं म्हणून आपण मोकळे होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वाढीची मानकं काढली, ती दिल्लीपासून नॉर्वेपर्यंतची मुलं मोजून. पोषण आणि काळजी नीट मिळाली, तर पाच वर्षांपर्यंत सगळीकडची मुलं जवळपास सारखीच वाढतात, असं दिसलं. मग आपली का खुरटतात?

आमची जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली, १९६०च्या दशकात बंद पडली. पुढे बाकीचे भोंगेही एकेक करून थांबले. पूर्व भागातल्या कित्येक घरांचा भार बायकांच्या सुपावर आला. तेंदूचं पान, तंबाखू, दोरा, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने. हात थांबला की पैसा थांबला. मग शेजारच्या तान्ह्याला वेळेवर पाजायचं कुणी, मऊ भात भरवायचा कुणी?

१९६६च्या विडी कामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद होती. पण ती कारखान्याच्या आवारापुरती, आणि विड्या तर बहुतेक घरीच वळल्या जातात! १९७५ मध्ये अंगणवाड्या आल्या. तिथे मूल जाऊन बसतं तिसऱ्या वर्षी. खुरटणं मात्र आईच्या पोटात आणि पहिल्या दोन वर्षांत घडतं. लवकर झालेलं लग्न, रक्त कमी, तंबाखूची धूळ, काही दिवसांआड येणारं नळाचं पाणी साठवून वापरायचं, त्यातून जुलाब. खाल्लेलं अंगी लागणार कसं?

२००५ मध्ये सुरू झालेल्या राजमाता जिजाऊ मिशनने पुढे याच पहिल्या दोन वर्षांवर भर दिला. राज्यात पाच वर्षांखालची खुरटलेली मुलं २००५-०६ मध्ये शंभरात ४६ होती, २०१५-१६ मध्ये ३४ झाली. २०१९-२१ मध्ये मात्र ३५. गाडी तिथेच अडली.

बहात्तरच्या दुष्काळात भूक रस्त्यावर दिसत होती, म्हणून सुकडी वाटली गेली. खुरटलेलं मूल डोळ्यांत भरत नाही, कारण गल्लीतली बाकीची मुलंही तेवढीच असतात.

विडी कामगार बायकांनी लढून कुंभारीला दहा हजार घरं मिळवली, २००६ मध्ये. माझ्या मते पुढची मागणी गल्लीतल्या पाळणाघराची हवी. सुपापासून चार पावलांवर, आईला मधेच उठून पाजता येईल असं.