लपवलेली खरेदी: चबच्या शेअरची गोष्ट

१९७५ साली अमेरिकेच्या संसदेने कायद्यात एक कलम घातलं. १० कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीचे शेअर सांभाळणाऱ्या संस्थांनी दर तिमाहीला आपली यादी जाहीर करायची. हाच तो ‘फॉर्म १३एफ’. त्यासाठी मुदत ४५ दिवसांची. म्हणजे यादी येईपर्यंत शेअर विकलेलेही असू शकतात.

मी कोडिंगवाला, म्हणून या याद्या वाचणारी स्क्रिप्टच लिहिली. म्हटलं, मोठ्यांच्या मागे मागे जाऊ. मग चब या विमा कंपनीचा किस्सा वाचला.

२०२३ मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने चबचे शेअर घ्यायला सुरुवात केली आणि नियामकाच्या परवानगीने ते यादीतून झाकून ठेवले. नाव फुटलं तर खरेदी संपायच्या आत भाव चढणार ना! १५ मे २०२४ ला उलगडा झाला: सुमारे २.६ कोटी शेअर, किंमत जवळपास ६७० कोटी डॉलर. बातमी येताच भाव वर गेला.

त्याआधी माझी स्क्रिप्ट चालू असती, तरी तिला यातलं काहीच दिसलं नसतं. आता मी यादी इतिहास म्हणून वाचतो. तिच्यावरून उद्याची खरेदी ठरवत नाही.