मऊ सुरांची किंमत

रविवारी कपाट आवरताना संथ जॅझ सॅक्सोफोनची एक संकलन-सीडी सापडली. कोडिंग करताना मागे लावायचो, बस्स! आज पहिल्यांदाच नीट ऐकली आणि लेस्टर यंगपाशी अडकलो. १९३४ मध्ये फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये तो कोलमन हॉकिन्सच्या जागी आला. पण त्यांना हवा होता हॉकिन्ससारखा भारदस्त आवाज. याचा हलका, तरल. काही महिन्यांतच बाहेर पडावं लागलं. गडी बदलला मात्र नाही! पुढे स्टॅन गेट्झसारखे कितीतरी जण त्याच्याच वाटेने गेले. १९४५ मध्ये, सैन्यात असताना, अमली पदार्थांपायी कोर्टमार्शल झालं. १९५९ मध्ये, पन्नाशीही न गाठता, तो गेला. आपण ज्याला 'रिलॅक्सिंग' म्हणतो, ते सूर असे आलेत. असो. आता ही सीडी काम थांबवून ऐकतो.