सागवानी फळीचा माग

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीत आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाचे दुमजली घर आहे. खाली दगडविटांचे काम आणि वर, रस्त्याच्या अंगाला, सागाच्या उभ्या फळ्यांची दर्शनी भिंत. निजामी अमलात, या शहरात रेल्वे आल्यानंतर हे घर बांधले गेले. मागच्या पावसाळ्यानंतर त्या भिंतीतील पाच फळ्या बुडाशी कुजलेल्या आढळल्या. पाच फळ्या म्हणजे काय मोठी गोष्ट, असे वाटून घरच्या मंडळींसमवेत आम्हीही वखारींच्या पायऱ्या झिजवू लागलो.

फळी अकरा इंच रुंद, सव्वा इंच जाड. तिच्या एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खाच. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसते आणि सगळी भिंत सलग होते. वखारींतून साग होता, नाही असे नाही. पण सहा इंचांवरची सलग फळी दुर्मीळ; जी होती ती दोन तुकडे चिकटवून रुंद केलेली. रंग पिवळट, रेषा विरळ. अखेर एका वृद्ध सुतारास आम्ही कुजलेल्या फळीचा तुकडा दाखविला. त्यांनी तिच्या टोकाचा छेद पाण्याने ओला केला, अंगठ्याच्या नखाने वलये मोजू पाहिली आणि मध्येच सोडून दिली. म्हणाले, "हे झाड आता मिळायचं नाही, भाऊ."

हे झाड का मिळत नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधू गेलो आणि एका फळीच्या मागे केवढा इतिहास उभा आहे हे ध्यानी आले. तो वाचकांपुढे ठेवावा एवढाच या लेखाचा हेतू.

साग हे लाकूड कोणालाही ठाऊक असते, पण सागासागांत फरक असतो हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. दाट रानात, इतर झाडांच्या सावलीत उजेडासाठी धडपडत वाढलेले झाड सावकाश जाडावते. त्याची वलये दाट असतात आणि मधला गाभा, म्हणजे तेलकट, काळपट, वाळवीला न जुमानणारा भाग, मोठा असतो. लागवडीचा साग मोकळ्या उजेडात झपाट्याने वाढतो आणि पुष्कळदा वीस-पंचवीस वर्षांतच तोडला जातो. त्यात गाभा थोडा आणि बाहेरचे पांढरे लाकूड जास्त. ही पांढरी बाजू वाळवीला गाभ्यासारखी दाद न देता राहू शकत नाही. दोन्ही लाकडांची जात एकच. परंतु अकरा इंचांची गाभ्याची फळी निघायची तर झाडाने काही पिढ्या पाहिलेल्या असाव्या लागतात. जुन्या घरात बसविलेला असतो तो खरे तर काळच.

सागाचे शास्त्रीय नाव टेक्टोना ग्रँडिस. मल्याळी 'तेक्कु'पासून पोर्तुगिजांचा 'तेका' आला; आणि टेक्टोना या नावात अभ्यासकांना ग्रीक भाषेतील 'टेक्टॉन' हा शब्दही ऐकू येतो. शुभवर्तमानात नाझरेथच्या योसेफाचा व्यवसाय सांगताना हाच शब्द आला आहे. १ मे रोजी आपण श्रमिक संत योसेफाचा सण पाळतो. बारावे पायस यांनी तो १९५५ साली सुरू केला. त्या दिवशी आपल्यातील किती जणांना सुताराची आठवण होते, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो.

आमच्या जिल्ह्यात तर लाकडाची आठवण दगडात कोरून ठेवलेली आहे. वेरूळचे दहावे लेणे विश्वकर्म्याचे, लोकांच्या तोंडी 'सुतार झोपडी'. आत जाऊन मान वर करावी, तर कमानदार छताला ओळीने फासळ्या दिसतात. त्या लाकडाच्या भासतात, पण आहेत पाषाणाच्या. छतास त्यांचा काहीही आधार नाही. डोंगरच तेथे छत आहे. तरीही शिल्पकाराने त्या कोरल्या, कारण त्याच्या मनातील प्रार्थनागृह लाकडी होते. अजिंठ्याच्या नवव्या व दहाव्या लेण्यांत खऱ्या लाकडी फासळ्या होत्या. त्या गेल्या आणि खुणा मागे राहिल्या. कार्ल्याच्या चैत्यगृहात मात्र लाकडी फासळ्या आजही जागेवर आहेत. सुमारे दोन हजार वर्षांचे लाकूड ते! ज्यांना लाकडाचे आयुष्य किती असते अशी शंका आहे, त्यांनी लोणावळ्याहून थोडी वाट वाकडी करावी.

पुढील काळात लाकूड मुबलक होते; प्रश्न वाहतुकीचा होता. १७३०मध्ये पायाभरणी होऊन १७३२ साली उभ्या राहिलेल्या शनिवारवाड्यासाठी साग आला तो जुन्नरच्या रानांतून. म्हणजे पेशव्यांनाही लाकूड दोन-तीन मुक्कामांच्या आत मिळत होते. एकोणिसाव्या शतकात जहाजे, रेल्वेचे स्लीपर आणि वाढती शहरे यांनी ही जवळची राने संपवीत आणली. मलबारात निलंबूरला १८४०च्या दशकात कॉनोली या कलेक्टराने सागाची लागवड सुरू केली, ती जंगलतोडीची भीती वाटू लागली म्हणूनच. आणि मग सर्वांची नजर गेली ब्रह्मदेशाकडे.

ब्रह्मदेशात साग तोडण्याची रीत ऐकण्याजोगी आहे. झाडाच्या बुंध्याभोवती गाभ्यापर्यंत कडे कोरीत आणि झाड दोन-तीन वर्षे उभ्या उभ्या वाळू देत. ओला साग पाण्यात बुडतो, वाळलेला तरंगतो. म्हणून ही वाट पाहणे. मग हत्ती ओंडके ओढीत ओढ्यांपर्यंत नेत, आणि पावसाळी पुराबरोबर ते इरावती व साल्विन नद्यांतून रंगून आणि मौलमीनच्या बंदरांकडे वाहत जात. १८६३ साली स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या व्यापारातील बडी कंपनी. तिने किती ओंडके काढले आणि राजाला किती कर भरला, या वादातून मंडालेच्या थिबा राजाने तिला दंड केला आणि १८८५ साली इंग्रजांनी ते निमित्त करून त्याचे राज्यच घेतले. राजा रत्नागिरीत कैदेत येऊन राहिला व तेथेच १९१६ साली वारला. आपल्या घरांच्या फळ्यांचे मोल कोणी कोणी भरले, याचा हिशेब एवढ्यावर संपत नाही, पण इथे थांबतो.

१९००च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे औरंगाबादेतून सुरू झाली. मुंबई बंदरात उतरलेला माल मनमाडला गाडी बदलून थेट मराठवाड्यात येऊ लागला. आम्ही पाहत होतो त्या घराच्या फळ्या बहुधा याच वाटेने आल्या असाव्यात. पोत, रुंदी आणि घराचा काळ तिन्ही तेच सुचवितात, खात्री मात्र देता येत नाही.

ही वाट बंद होत गेली ती टप्प्याटप्प्याने. १९४२ साली जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि पुरवठा तुटला. स्वातंत्र्यानंतर आपण चांदा-गडचिरोलीच्या सागाकडे वळलो. आलापल्लीची राने, बल्लारपूरचे सरकारी आगार ही नावे सुतारांच्या तोंडी बसली. २०२३ साली उद्घाटन झालेल्या नव्या संसदभवनासाठीही नागपूरहूनच सागवान गेले. परंतु १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात आदेश दिला, की मान्य कार्ययोजनेवाचून कोणत्याही जंगलात तोड होऊ नये. अनेक आरागिरण्या बंद पडल्या. पुढे म्यानमारनेही १ एप्रिल २०१४पासून अखंड ओंडक्यांची निर्यात थांबविली. हे दोन्ही निर्णय योग्यच होते असे आमचे मत आहे. एका भिंतीच्या पाच फळ्यांसाठी रान उघडे करावे, असे म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही. आज वखारीत आफ्रिकेचा वा दक्षिण अमेरिकेचा लागवडीचा साग येतो. तो वाईट नाही, केवळ तरुण आहे.

मग जुळणारी फळी मिळायची कुठे? दुसऱ्या जुन्या घरात. आणि येथेच ही गोष्ट जड होते. कारण ते दुसरे घर पडल्याशिवाय ती फळी हाती येत नाही.

मराठवाड्यात असे लाकूड एकदा फार मोठ्या प्रमाणावर बाहेर आले होते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागांत हजारो माणसे माळवदांच्या घरांखाली गाडली गेली. दगडमातीच्या जाड भिंती ढासळल्या आणि वरचा पांढऱ्या मातीचा भार खाली आला. पाहणी करणाऱ्यांना मात्र जागोजाग असे आढळले, की भिंती कोसळूनही खांब-तुळयांचा सांगाडा उभाच होता. लाकडाने दगा दिला नव्हता. पण मृत्यू ज्या घराने पाहिला त्या घरावर माणसाचा विश्वास कसा राहावा? लोकांनी सिमेंटची घरे बांधली, कडीपाट उतरविले आणि पुष्कळसे जुने लाकूड मिळेल त्या भावाने गेले. कोणाला दोष देण्याची ही जागा नव्हे. आमच्याही नात्यातील एका घराच्या कोरीव खांबांचे चुलीपुढे काय झाले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

ही अडचण मराठवाड्यापुरती नाही. मुंबईत गिरगावची खोताची वाडी, माझगावची माथारपाखाडी, वांद्र्याचे रानवर या आपल्या ईस्ट इंडियन बांधवांच्या वस्त्या. लाकडी दर्शनी भाग, लाकडी सज्जे, बाहेरून चढणारा जिना अशी ही घरे. खोताच्या वाडीत एकेकाळी पासष्ट घरे होती असे सांगतात. त्यांतील निम्मीही आज जुन्या रूपात उरलेली नाहीत. १९९५ साली मुंबईसाठी वारसा नियमावली आली. ती घर पाडू नका असे सांगू शकते; पण कुजलेला कठडा कोणत्या लाकडाने बदलावा आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, याचे उत्तर घरधन्यालाच शोधावे लागते. शेजारचे घर पडले की दुःख होते आणि त्याच वेळी त्याच्या फळ्यांकडे नजर जाते. या दोन भावना एकाच मनात कशा नांदतात हे, ज्याने आपले घर राखले आहे, त्यालाच कळेल.

पवित्र शास्त्रात या प्रसंगाला जुळणारी एक कथा आहे. शलमोनाने मंदिर बांधले ते लबानोनच्या गंधसरूने. सोरचा राजा हिराम याने ते लाकूड समुद्रातून तराफे करून पाठविले. ते मंदिर जळाले. बंदिवासातून परतलेल्या लोकांनी दुसरे मंदिर बांधावयास घेतले तेव्हा, एज्राचा ग्रंथ सांगतो, पुन्हा लबानोनातूनच गंधसरू मागविण्यात आला आणि तो याफोच्या किनाऱ्याला उतरला. मधे कित्येक दशके लोटली होती, पण लाकूड तेच हवे होते. आणि तरीही पाया घातला गेला त्या दिवशी, पहिले मंदिर पाहिलेले वृद्ध मोठ्याने रडले. लाकूड जुळले म्हणून सारे जुळते असे नाही.

आपल्या काळातही हे घडले. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचे छत जळाले. ओक वृक्षांच्या त्या मध्ययुगीन सांगाड्याला लोक 'अरण्य' म्हणत. तो पुन्हा उभारण्यासाठी फ्रान्सभरच्या रानांतून सुमारे दोन हजार ओक निवडण्यात आले आणि सुतारांनी तुळया पूर्वीप्रमाणे कुऱ्हाडीने तासल्या. डिसेंबर २०२४मध्ये मंदिर पुन्हा उघडले. तेथे राष्ट्र पाठीशी होते. आमच्या पाच फळ्यांच्या पाठीशी एक निवृत्तिवेतन होते.

तेव्हा त्या वृद्ध सुताराने सुचविलेला मार्ग आम्हांस सर्वांत शहाणपणाचा वाटला. फळ्या वरपर्यंत कुजलेल्या नव्हत्याच. पावसाचे शिंतोडे लागणारे खालचे हातभर टोक गेले होते. तीन फळ्यांचे तेवढेच टोक तिरके कापून त्या जागी जुन्या लाकडाचा तुकडा सांध्याने बसवावयाचा. उरलेल्या दोन फळ्या, घराच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली, जेथे कोणाची दृष्टी पडत नाही, तेथून काढून पुढे लावावयाच्या आणि मागे नवा साग बसवावयाचा. मापाचाही घोळ निघाला. जुनी फळी गज-तसूच्या हिशेबाने कापलेली, वखारीची मापे मिलिमीटरची. तेव्हा प्रत्येक जीभ रंध्याने हाताने उतरवावी लागली.

सांध्यांसाठी लागणारे तुकडे मिळाले ते पडलेल्या एका वाड्याच्या लाकडातून. त्यांत जुने चौकोनी खिळे मोडून राहिले होते. आरागिरणीवाला करवतीच्या पात्याच्या भीतीने हात लावीना. म्हणून लोहचुंबक फिरवून एकेक खिळा शोधावा लागला. त्यात दोन दिवस गेले.

नव्या तुकड्यांना रंग देऊन ते जुने भासवावेत का, यावर घरात बराच वाद झाला. वास्तुरक्षणाविषयीच्या १९६४च्या व्हेनिस सनदेत म्हटले आहे, की बदललेला भाग मूळ कामाशी सुसंगत असावा, तरी तो वेगळा ओळखू यावा. थोरल्या मुलाला हे पटले; आईला नाही. तिला भिंत पूर्वीसारखी हवी होती. अखेर केवळ तेल द्यावयाचे आणि रंग काळाने द्यावा, असे ठरले.

मागे बसवावयाचा नवा साग अजून लागलेला नाही. तो मुंबईकडच्या दमट हवेतून आलेला. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात आणखी आकसेल आणि खाचेतून उजेड दिसू लागेल, असे सुतारांचे म्हणणे. म्हणून त्या दोन फळ्या पडवीत, विटांवर आडव्या, मधे पट्ट्या घालून ठेवल्या आहेत. त्यांवर खडूने तारीख घातली आहे. पुढच्या जूनच्या आधी त्यांना हात लावू नये, अशी सुतारांची ताकीद आहे.