ओहमचा इतिहास : बंद पाठीचे हेडफोन आणि त्यांना साजेसा ॲम्प्लिफायर

१/ आजचा थ्रेड एका आकड्याविषयी आहे. हेडफोनच्या खोक्यावर ‘३२ ओहम’, ‘८० ओहम’, ‘२५० ओहम’ असे काहीतरी छापलेले असते. बहुतेक जण ते न वाचताच खोके माळ्यावर टाकतात. मीही तेच केले होते. त्यापायी माझ्या प्रबंधात एक चुकीचे वाक्य कायमचे शिरले असते.

२/ गिरणगावातल्या एका आजींची जुनी मुलाखत मी लिहून काढत होतो. वसतिगृहाची खोली, डोक्यावर खडखडणारा पंखा, शेजारी बोलणारे दोन मित्र. आजी म्हणतात, बांगड्या विकल्या त्या ‘संपाआधी’. मी तसे लिहिले. त्यावरून निष्कर्षही काढला की, १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू होण्यापूर्वीच हे घर मोडकळीस आले होते.

३/ बाहेरचा आवाज अडावा म्हणून बचतीतून मी पाठबंद, म्हणजे क्लोज्ड-बॅक, हेडफोन घेतला. ओहमचा आकडा तीन आकडी होता, पण तिकडे लक्ष कोण देतो! मोबाइलला जोडला तर आवाज पूर्ण वाढवूनही आजी जणू भिंतीपलीकडून बोलत होत्या. हेडफोन बिघडलेला नव्हता. बिघडली होती ती जोडी. का, हे समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते.

४/ १९१० साली अमेरिकी नौदलाकडे युटा प्रांतातून एक पत्र आले, जांभळ्या शाईत लिहिलेले. पत्रलेखक होता नॅथॅनिएल बाल्डविन. सोबत त्याने स्वतः बनवलेले हेडफोन चाचणीसाठी पाठवले होते. नौदलाने ते तपासले आणि चकित होऊन मागणी नोंदवली. बाल्डविनचे उत्तर असे की, एका वेळी दहाच जोड्या देता येतील, कारण कारखाना म्हणजे त्याचे स्वयंपाकघर!

५/ नौदलाला त्यांची एवढी निकड का होती? तेव्हाच्या बिनतारी संचात ध्वनी वाढवणारे साधनच जवळपास नव्हते. अँटेनाने हवेतून जे पकडले, तेवढ्याच क्षीण विद्युतप्रवाहावर कानातला पडदा हलवायचा होता. म्हणून केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे गुंडाळत. प्रवाह नाममात्र असला तरी वेढे पुष्कळ, त्यामुळे चुंबकीय ओढ पुरेशी मिळे.

६/ एवढ्या लांब, बारीक तारेचा विद्युतविरोधही प्रचंड असायचा. त्या काळच्या रेडिओ-हेडफोनवर ‘२००० ओहम’ हा आकडा सर्रास दिसतो. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, तेव्हा स्वस्तातल्या स्फटिक-संचावर ऐकणाऱ्यालाही असाच हेडफोन कानाला लावावा लागे. ओहमचा आकडा म्हणजे समोरच्या यंत्राच्या दुर्बलतेची नोंद होती.

७/ पुढचा टप्पा बर्लिनमधला. १९३७ साली ऑयगेन बायर यांच्या कंपनीने ‘डीटी ४८’ हा डायनॅमिक हेडफोन आणला. डायनॅमिक म्हणजे पडद्यालाच तारेचे हलके वेटोळे चिकटवलेले आणि ते चुंबकाच्या फटीत हलते. आजचे बहुसंख्य हेडफोन याच कुळातले. हा हेडफोन पाठबंद होता आणि किरकोळ बदलांनिशी एकविसाव्या शतकापर्यंत बनत राहिला.

८/ पाठ बंद कशासाठी? पडदा पुढे सरकतो तसा मागेही सरकतो, म्हणजे ध्वनी दोन्ही बाजूंना जातो. मागची बाजू बंद केली की दोन लाभ होतात : बाहेरचा गोंगाट आत येत नाही आणि आतला ध्वनी बाहेर गळत नाही. विमानात व रणगाड्यात पहिला लाभ मोलाचा. ध्वनिमुद्रणगृहात दुसरा, कारण गायकाच्या कानातला ठेका मायक्रोफोनने पकडला की मुद्रण वाया गेले.

९/ या लाभांची किंमतही मोजावी लागते. वाटीत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि मागच्या भिंतीवर आपटलेला ध्वनी पडद्याकडे परततो. त्यामुळे आवाज कधी डब्यातून आल्यासारखा वाटतो. १९६८ साली जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने ‘एचडी ४१४’ हा उघड्या पाठीचा हेडफोन आणला, तो याच कोंडीवरचा उपाय होता. लक्षात घ्या, त्याचा आकडाही २००० ओहमच होता.

१०/ दरम्यान अमेरिकेत वेगळेच घडले. १९५८ साली मिलवॉकीत जॉन कॉस यांनी एक छोटा स्टिरिओ ग्रामोफोन प्रदर्शनात मांडला आणि सोबत हेडफोन ठेवले. लोकांनी ग्रामोफोनपेक्षा हेडफोनच डोक्यावर घेतले, शब्दशः! एकट्याने संगीत ऐकण्याची हौस घराघरात पोहोचण्याची ही सुरुवात.

११/ मात्र घरातले ॲम्प्लिफायर स्पीकरसाठी घडवलेले होते. तेवढी शक्ती कानाला दिली तर कान जायचा. म्हणून मध्ये रोधक, म्हणजे रेझिस्टर, घालून ती कमी केली जाई. पुढे ॲम्प्लिफायरवर हेडफोनसाठी स्वतंत्र छिद्र आले, तरी आत तो रोधक पुष्कळदा तसाच राहिला. १९९६ च्या ‘आयईसी ६१९३८’ या आंतरराष्ट्रीय मानकातही १२० ओहमचा आउटपुट गृहीत धरलेला आहे.

१२/ १ जुलै १९७९ रोजी जपानात सोनीचा वॉकमन विक्रीस आला. दोन पेन्सिल सेल, म्हणजे अवघे ३ व्होल्ट. जास्त ओहमच्या हेडफोनला व्होल्टेज जास्त लागते आणि ते खिशातल्या यंत्राकडे नव्हते. म्हणून हेडफोनचे ओहम खाली आले. मोबाइलसोबत मिळायचे ते इअरफोन याच वंशाचे.

१३/ अशा रीतीने दोन परंपरा शेजारी-शेजारी चालत राहिल्या : स्टुडिओची जास्त ओहमची आणि खिशाची कमी ओहमची. १९८५ चा ‘डीटी ७७०’ हा बायरडायनॅमिकचा पाठबंद हेडफोन याचे बोलके उदाहरण आहे. तो आज ३२, ८० आणि २५० ओहम अशा तिन्ही रूपांत मिळतो. नाव एकच, पण तिन्हींचे यजमान निराळे.

१४/ आता थोडे गणित. या हेडफोनची नाममात्र संवेदनक्षमता १ मिलिवॅटला ९६ डेसिबल आहे. संगीतातल्या क्षणिक उसळीसाठी ११० डेसिबल धरू. १४ डेसिबल वाढवायचे म्हणजे शक्ती सुमारे २५ पट, अर्थात २५ मिलिवॅट. सूत्र सोपे आहे : व्होल्टेजचा वर्ग = शक्ती × ओहम.
३२ ओहम : सुमारे ०.९ व्होल्ट
८० ओहम : सुमारे १.४ व्होल्ट
२५० ओहम : २.५ व्होल्ट

१५/ मोबाइलच्या छोट्या जोडणीतून १ व्होल्ट मिळतो असे समजा. मग ३२ ओहमचे काम भागते, २५० ओहमचे नाही. ते सुमारे ८ डेसिबल कमी पडते. उलट प्रवाह पाहा : ३२ ओहमला सुमारे २८ मिलिअँपिअर लागतात, २५० ओहमला १० पुरतात. म्हणजे जास्त ओहमला दाब हवा आणि कमी ओहमला प्रवाह.

१६/ केवळ ओहम पाहणेही फसवे ठरते. सोनीचा ‘एमडीआर-७५०६’ हा १९९१ चा पाठबंद हेडफोन ६३ ओहमचा आहे, पण संवेदनक्षमता १०६ डेसिबल. त्याला त्याच ११० डेसिबलसाठी अवघे ०.४ व्होल्ट लागतात. त्यासाठी वेगळा ॲम्प्लिफायर विकत घेणे म्हणजे भरल्या घागरीत पाणी ओतणे. दोन्ही आकडे एकत्रच वाचावेत.

१७/ आता जुन्या रोधकाकडे परत. हेडफोनचा इम्पिडन्स सर्व स्वरांना सारखा नसतो. समजा एकाचा मध्यम स्वरांत ३२ आणि खर्जात ६४ ओहम आहे. १२० ओहमच्या आउटपुटला तो जोडला, तर खर्ज ४ डेसिबलहून अधिक फुगतो. आउटपुट २ ओहमचा असेल, तर फरक पाव डेसिबलच्या आसपास राहतो. म्हणून व्यवहारातला नियम असा : ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून जास्त नसावा.

१८/ निवडीचा क्रम मी आता असा ठेवतो.
प्रथम जागा : भोवती गोंगाट आहे का, किंवा जवळ मायक्रोफोन आहे का? दोन्ही नसतील तर उघडी पाठ अधिक मोकळी वाटेल.
मग पकड : गादी कानाभोवती नीट टेकते का? चष्म्याच्या काडीने फट पडली तरी खर्ज निसटतो.
मग स्वर : ओळखीचे गाणे स्वतः ऐकून पाहावे.
ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटी. न आवडलेला स्वर तो आवडता करत नाही.

१९/ आणि कान! जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. गोंगाटात आपण नकळत आवाज वाढवत जातो. पाठबंद हेडफोनचा खरा उपयोग येथे आहे : बाहेरचे कमी झाले की आतलेही कमी ठेवता येते. ॲम्प्लिफायर घेतला म्हणून त्याची कळ शेवटपर्यंत फिरवायची नसते.

२०/ माझ्या कथेचा शेवट सांगतो. एका मित्राचा छोटा ॲम्प्लिफायर मागून आणला, पंखा बंद केला आणि तेच वाक्य पुन्हा ऐकले. आजी ‘संपाआधी’ म्हणतच नव्हत्या. त्या म्हणत होत्या, ‘संपामधी’. एक ‘म’ पंख्याच्या घरघरीत बुडाला होता. बांगड्या गेल्या त्या संपाच्या काळात. माझा निष्कर्ष उलटा होता.

२१/ साधनांचा इतिहास ‘खरा’ इतिहास नव्हे, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. पण ज्या साधनातून आपण भूतकाळ ऐकतो, त्याचा इतिहास ठाऊक नसेल तर भूतकाळही चुकीचा ऐकू येतो. बाल्डविनच्या स्वयंपाकघरापासून तुमच्या खिशापर्यंत हेडफोन कधीच एकटा नव्हता. तो प्रत्येक वेळी समोरच्या यंत्रासाठीच घडवला गेला. आपण मात्र तो सुटा विकत घेतो.

२२/ आज घरी गेल्यावर आपल्या हेडफोनवरचे दोन आकडे शोधा, ओहम आणि डेसिबल, आणि चौदाव्या पोस्टमधल्या सूत्रात घालून पाहा. किती व्होल्ट निघाले ते खाली लिहा. गणितात माझी कोठे चूक झाली असेल तर तीही निःसंकोच दाखवा.

थ्रेड समाप्त.