पडद्यामागून पाहिलेली भुतं

गेल्या महिन्यात बचत गटाची बैठक झाली, हप्ते जमा झाले, वह्या मिटल्या आणि गप्पा वळल्या भुतांच्या विनोदी सिनेमांकडे. आपल्या मावळात भुतांना काय तोटा! पिंपळावर मुंजा, विहिरीत आसरा, आणि लोणावळ्याच्या धुक्यात तर वळणावळणाला पांढऱ्या साडीतली बाई उभी असते म्हणे.

आम्ही लहान होतो तेव्हा गणपतीत गावात पडदा लागायचा. समोर पुरुष, मागच्या अंगाला आम्ही बायका-पोरी. चित्र उलटं, पाट्या उलट्या. तिथंच आम्ही 'एक डाव भुताचा' पाहिला. सिनेमा १९८२ चा, लिहिलेला द. मा. मिरासदारांनी. भित्रा मास्तर दिलीप प्रभावळकर, भूत अशोक सराफ. हे भूत मानगुटीवर बसत नाही, मास्तरच्या मदतीला येतं. फार खर्चाची करामत नाही, सगळी मजा बोलण्यात.

मग १९९३ ला महेश कोठाऱ्यांचा 'झपाटलेला' आला. गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, ही कल्पना 'चाइल्ड्स प्ले' या १९८८ च्या इंग्रजी सिनेमातली. पण आपला तात्या विंचू अस्सल मराठी, रामदास पाध्यांनी केलेला बाहुला. कुणीतरी मागून हलवतंय हे कळायचं, तरी आम्ही किंचाळायचो आणि लगेच हसायचो. आम्हाला वाटतं, या स्वस्तातल्या भुतांची गोडी इथंच आहे. त्यांची दोरी दिसते. महागड्या सिनेमातलं भूत रात्री घरी येतं, हे येत नाही.

पडद्याबाहेरच्या भुताची दोरी मात्र दिसत नाही. सून गप्प गप्प राहायला लागली की 'बाहेरचं आहे' म्हणायचं आणि देवऋष्याकडे न्यायचं. आमच्या गटातल्या एकीला लग्नानंतर वर्षभरात मिरचीची धुरी दिली होती. तिला झोप लागत नव्हती, एवढंच. पुण्यात २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवतो म्हणून बांधून मारणं, धुरी देणं हा आता गुन्हा आहे. तिच्या वेळी हा कायदा नव्हता.

त्या बैठकीत हे सगळं तिनंच सांगितलं, पहिल्यांदाच. आम्ही गप्प झालो. तीच म्हणाली, "अगं, तो देवऋषी माझ्यापेक्षा जास्त खोकत होता!" आधी ती हसली, मग आम्ही.

पुढच्या बैठकीनंतर मोबाइलवर 'एक डाव भुताचा' लावायचं ठरलंय. पुढं कोण बसणार, यावरून आत्ताच भांडण आहे.