जोखीम कशी जोखावी?

पिंपरी-चिंचवडच्या रहिवाशास ‘रेड झोन’ हे दोन शब्द समजावून द्यावे लागत नाहींत. देहूरोडच्या दारूगोळ्याच्या कोठाराभोंवतीं २००० यार्डांचा जो पट्टा आहे त्यास लोक या नांवानें ओळखतात. निगडी, तळवडे, किवळे, रावेत, मामुर्डी इकडील कित्येक कुटुंबांच्या घरांवरून त्याची रेषा गेली आहे. त्या रेषेच्या आंत घर बांधण्यास परवानगी नाहीं, बांधलेल्या घरावर कर्ज मिळण्याची पंचाईत, आणि घर विकावयास काढलें तर गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतें तो याच रेषेचा. १९०३ च्या एका कायद्याच्या आधारानें ही बंदी चालत आली आहे. कोठारांत काय आहे व किती आहे हें रहिवाशांस ठाऊक नाहीं, ठाऊक असण्याचें कारणही नाहीं. आपण धोक्याच्या शेजारीं राहतों आणि तो धोका सरकारनें यार्डांनीं मोजला आहे, एवढेंच त्यांस ठाऊक आहे.

२५ ऑगस्ट २०२१ रोजीं हेच शब्द आकाशांत चढले. त्या दिवशीं केंद्र सरकारनें ड्रोनविषयीं नवे नियम प्रसिद्ध केले आणि देशाच्या नकाशावर हिरवा, पिवळा व तांबडा असे तीन रंग भरण्याचें ठरविलें. हिरव्यांत ४०० फुटांपर्यंत विनापरवाना उडावें. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरांच्या कड्यांत ही उंची २०० फुटांवर येते. पिवळ्यांत विमानवाहतूक-नियंत्रकाची परवानगी हवी, आणि तांबड्यांत खुद्द केंद्र सरकारची. भोसरी-दिघीच्या डोक्यावर लोहगांवच्या विमानतळाची सावली आहे, देहूरोडवर लष्कराची. चाकणच्या बाजूस विमानतळ होणार, होणार, असें आम्ही पुष्कळ वर्षें ऐकत होतों. तो बेत पुढें पुरंदराकडे गेला. विमानें आलीं नाहींत, पण हातांत मावणारीं विमानें आलीं, आणि तीं घडविणारेही याच पट्ट्यांत निघाले. चाकणच्या सागर डिफेन्स कंपनीचें ‘वरुण’ हें माणसाला उचलून नेऊं शकणारें ड्रोन जुलै २०२२ मध्यें दिल्लीस नौदलाच्या कार्यक्रमांत दाखविलें गेलें, हें वाचकांस आठवत असेल. अशा वेळीं, सरकार धोका कसा मोजीत आलें आहे हें थोडें मागें जाऊन पाहावें असें आम्हांस वाटलें.

मराठींत तोलण्यास ‘जोखणें’ म्हणतात आणि धोक्यास ‘जोखीम’. हे दोन शब्द एकाच घरचे आहेत कीं केवळ नांवाचे सारखे, याचा निवाडा कोशकारांनीं करावा; कानाला तरी ते सख्खे भाऊ वाटतात. कायद्याचा इतिहास पाहिला तर राज्यकर्त्यांनीं जोखीम नेहमीं जोखूनच ठरविल्याचें दिसतें.

बाष्पयंत्राचेंच पाहा. १८६३ सालीं कलकत्त्यास एक बॉयलर फुटून माणसें मेलीं. दुसऱ्याच वर्षीं बंगालमध्यें बॉयलर-तपासणीचा कायदा झाला. मग प्रांतोप्रांतीं निरनिराळे कायदे निघाले, निरनिराळीं प्रमाणें ठरलीं, आणि एका प्रांतांत पास झालेला बॉयलर दुसऱ्या प्रांतांत नापास होऊं लागला. ही अंदाधुंदी मोडण्यासाठीं १९२३ सालीं साऱ्या देशाला एकच कायदा आला, व तो शंभर वर्षें टिकला. त्या कायद्यानें बॉयलर कोणास म्हणावें हें ठरवितांना एक आंकडा घातला : पांच गॅलन. त्याहून अधिक मापाचें वाफेचें बंद भांडें असेल तर त्याची नोंद हवी, त्यावर क्रमांक कोरलेला हवा, ठराविक मुदतीनें निरीक्षकानें येऊन तें पाहिलें पाहिजे. पांच गॅलनांच्या आंतील भांडें फुटत नाहीं असें थोडेंच आहे! परंतु प्रत्येक भांड्यामागें निरीक्षक धाडतां येत नाहीं, म्हणून कोठें तरी रेघ ओढावी लागते, आणि जें मापानें मोजतां येतें त्यावरच ती ओढली जाते.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. बॉयलरच्या कायद्यांत प्रत्येक बॉयलर स्वतः तपासला जातो. मोटारगाडीच्या बाबतींत तें शक्य नव्हतें. चाकणच्या एकेका कारखान्यांतून ज्या वेगानें गाड्या बाहेर पडतात त्या वेगानें त्या तपासावयाच्या तर निरीक्षकांचेंच एक शहर वसवावें लागेल. म्हणून १९८९ च्या केंद्रीय मोटारवाहन नियमांनीं नमुना तपासण्याची पद्धत बसविली : कारखानदारानें एक नमुन्याची गाडी मान्य संस्थेकडे द्यावी, ती उत्तीर्ण झाली म्हणजे तसल्या सर्व गाड्या उत्तीर्ण. १९६६ सालीं स्थापन झालेली पुण्याची ए. आर. ए. आय. ही संस्था हें काम करते, व चाकणलाही तिचें केंद्र आहे. भिंतीवर आपटून गाडीचा चुराडा करणें हा तेथील नित्याचा व्यवसाय. परंतु नमुना चांगला आणि माल वाईट ही बाजारची जुनी चाल अधिकाऱ्यांस ठाऊक असल्यामुळें, पुढें कारखान्यांतून निघणारा माल नमुन्याबरहुकूम आहे कीं नाहीं हेंही अधूनमधून पाहण्याची सोय त्याच नियमांत करावी लागली. भोसरीच्या लहान कारखानदारास हें शिकवावें लागत नाहीं. त्याचा पहिला नग मोठ्या कंपनीनें पसंत केला तरी पुढची प्रत्येक खेप गेजमधून जाते, आणि केसभर चुकलेला सुटा भाग लाल डब्यांत पडतो.

आतां आकाशाकडे वळूं. १९३४ च्या विमान-कायद्यांत विमानाची व्याख्या करतांना बलून, वायुनौका व ग्लायडर यांच्या पंगतीला पतंगही बसविला आहे. म्हणजे संक्रांतीला गच्चीवर उभा राहणारा प्रत्येक पोरगा कायद्याच्या भाषेंत वैमानिक होता! अर्थात् कोणी त्यास परवाना मागितला नाहीं. हा कायदा नव्वद वर्षें चालला, व १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागीं नवा आला. मधल्या काळांत पतंगाहून हुशार परंतु विमानाहून लहान असें एक यंत्र निघालें आणि जुन्या व्याख्येची पंचाईत झाली. ७ ऑक्टोबर २०१४ रोजीं नागरी विमान-वाहतूक महासंचालनालयानें एका सूचनेनें हा प्रश्न सोडविला : सरकारी नसलेल्या कोणींही, कोणत्याही कामासाठीं, असलें यंत्र उडवूं नये. बंदी हा नियमनाचा सर्वांत स्वस्त प्रकार होय. त्याला तराजू लागत नाहीं. लग्नांत ड्रोन उडतच होते हें सांगावयास नकोच.

१ डिसेंबर २०१८ पासून नियम आले, पण त्यांत उड्डाणापूर्वीं संगणकाची अनुज्ञा मिळाल्यावांचून यंत्र जमिनीवरून उठूंच नये अशी अट होती. १२ मार्च २०२१ रोजीं ते अधिक जड झाले. पंचवीस अर्ज आणि बहात्तर प्रकारच्या फिया! याबद्दल इतकी ओरड झाली कीं सहा महिन्यांच्या आंत ते बाजूस सारून ऑगस्टचे नवे नियम आणावे लागले. त्यांत अर्ज पांचावर आले व फिया चारांवर. भोसरीच्या शेडमध्यें पांच-सहा मुलांनीं मिळून थाटलेल्या कारखान्यास पहिले नियम पेलण्यासारखे नव्हते, दुसरे पेलतात, हा फरक लहान नव्हे.

या नव्या नियमांचा कणा म्हणजे वजन. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत सूक्ष्म, २५ किलोपर्यंत लहान, १५० पर्यंत मध्यम, त्यापुढें मोठा. नॅनोला प्रकार-प्रमाणपत्र नको, विमा नको, उडविणाऱ्यास परवाना नको. सूक्ष्म ड्रोन हौसेनें उडवावयाचा असेल तरीही परवाना नको. २५० ग्रॅम हा आंकडा कोठून आला? २०१५ सालीं अमेरिकेंत ड्रोनची नोंदणी कोणापासून सुरू करावी हें ठरविण्यासाठीं एक मंडळ बसलें होतें. ८० ज्यूल शक्तीचा आघात डोक्यावर झाला तर दहांपैकीं तिघांचा जीव जाण्याचा संभव, असा अंदाज त्यानें धरला. २५० ग्रॅमची वस्तु सेकंदाला २५ मीटर वेगानें खालीं आली तर तिची शक्ति अठ्ठ्याहत्तर ज्यूल भरते. झालें, रेघ ठरली. तुलनेसाठीं सांगतों : १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी १२६ किलोमीटरनें आला तर त्याची शक्ति अठ्ठ्याण्णव ज्यूल होते. फलंदाजाच्या डोक्यावर शिरस्त्राण असतें, आणि चेंडू येणार हें त्याला ठाऊक असतें. चाकण चौकांत भाजी घेणाऱ्या बाईची गोष्ट वेगळी.

युरोपांतील २०१९ च्या नियमांनीं या हिशेबांतून एक शहाणपणाची वाट काढली आहे. तेथें ड्रोनवर वर्गाची खूण असते व ती उमटविण्याची जबाबदारी बनविणाऱ्याची. त्यांतल्या दुसऱ्या वर्गाला दोन दारें ठेवलीं आहेत : यंत्र ९०० ग्रॅमहून हलकें असावें, किंवा तें माणसावर आदळलें असतां ८० ज्यूलांहून कमी शक्ति त्याच्या अंगांत शिरावी. कारागिराला यंत्र जड पण मऊ करण्याची मुभा मिळाली. गाडीचें तोंड आधीं चुरगळावें म्हणजे आंतला माणूस वांचतो, हें चाकणचे अभियंते वर्षानुवर्षें जाणतात. त्यांस हें दुसरें दार लगेच ओळखतां येईल. आमच्या नियमांत तें नाहीं. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणें प्रमाणपत्र ड्रोन बनविण्यास लागत नसे, उडविण्यास लागे. यंत्राचा दोष कारखान्यांत शिरतो आणि जाब मात्र उडविणाऱ्यास द्यावा लागतो, हें उलटें झालें. सप्टेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या विधेयकाच्या मसुद्यांत प्रमाणपत्राची अट बनविणाऱ्यावर व विकणाऱ्यावरही घातली होती, ती आम्हांस योग्य वाटते; त्याच मसुद्यांतील कैदेच्या शिक्षांविषयीं मात्र तसें म्हणवत नाहीं.

पण तराजूवर आमचा खरा आक्षेप निराळाच आहे, व तो याच गांवानें शिकविला. ऑक्टोबर २०१८ मध्यें नाशिक फाट्याच्या उड्डाणपुलावरून दुचाकीनें जाणाऱ्या एका तरुण डॉक्टर स्त्रीचा गळा पतंगाच्या मांजानें कापला जाऊन तिचा अंत झाला. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाची बंदी आदल्याच वर्षीं आली होती. पतंगाचें वजन किती, मांजाचें किती! ८ डिसेंबर २०२३ रोजीं तळवड्यास वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या करणाऱ्या एका शेडमध्यें स्फोट झाला. सहा स्त्रिया त्याच दिवशीं गेल्या, आणि जखमींपैकीं आणखी कांहीं पुढच्या दिवसांत. ती मेणबत्ती कांहीं ग्रॅमांची. दारूगोळ्याच्या कोठारापासून यार्ड मोजणाऱ्या गांवीं मृत्यु आला तो केकच्या मेणबत्तीच्या रूपानें.

आणि जी जोखीम आघाताची नाहीं ती तर कोणत्याच पारड्यांत पडत नाहीं. २०२४ च्या पावसाळ्याच्या सुमारास खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर या तालुक्यांत रात्रीं आकाशांत दिवे फिरतात अशी आरडाओरड झाली. चोर पाहणी करतात, असा समज पसरला. गांवकरी काठ्या घेऊन जागत बसले. त्यांतलें खरें किती व भ्रम किती हा प्रश्न निराळा. परंतु त्या लोकांना वरच्या यंत्राचें वजन जाणून घ्यावयाचें नव्हतें. तें कोणाचें, एवढेंच हवें होतें. उडत्या ड्रोननें आपली ओळख सतत प्रसारित करावी ही सोय २०२१ च्या नियमांनीं भविष्यकाळावर सोपविली होती. मोटारीला पाटी आहे, बॉयलरवर कोरलेला क्रमांक आहे. ड्रोनलाही नोंदणीचा क्रमांक मिळतो, पण रात्रीं चारशें फुटांवरचा तो क्रमांक शेतकऱ्यानें वाचावा कसा?

गेल्या संक्रांतीची गोष्ट. दुपारीं आमच्या पत्र्यावर कांहीं तरी धाडकन् पडलें. वर जाऊन पाहतों तों मांजांत गुरफटलेलें एक चिमुकलें ड्रोन, एक पातें मोडलेलें, आणि बॅटरी हाताला चटका बसेल इतकी तापलेली. थोड्या वेळानें शेजारच्या इमारतींतला कॉलेजांतला मुलगा धापा टाकीत आला. “काका, आमचं विमान पडलंय का तुमच्याकडे?” पतंगांचें चित्रण करतां करतां तें पतंगांतच अडकलें होतें. मामानें परदेशाहून आणलें होतें म्हणे. ड्रोन आयात करण्यास फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे हें त्याला ठाऊक नसावें, आणि सणाच्या दिवशीं आम्हीही तें काढलें नाहीं. बॅटरी जरा बाहेर गच्चीवर ठेव, घरांत नेऊं नकोस, एवढें मात्र सांगितलें. यंत्र उलटेंपालटें करीत तो म्हणाला, “काळजी नाही काका, याला काहीच लागत नाही. दोनशे एकोणपन्नास ग्रॅमचं आहे.” आणि खरोखरच खोक्यावर तो आंकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला होता.